सेंट ऑरेलियाच्या छताचे कोपरे

न्यूमा देलेरी ह्यूस्टनहून न्यू ऑर्लीन्सला परतला तो लायनेलच्या एका फोनवर.

पूर येऊन गेल्याला चार महिने झाले होते. न्यूमा आणि त्याची बायको ओदिल मुलीकडे ह्यूस्टनला राहत होती. तिथे एका मोठ्या कंपनीत त्याला भिंतींना तयार फळ्या ठोकायचं काम मिळालं होतं. न्यूमासारख्या गिलाव्याच्या गवंड्याला त्या कामात राम वाटत नव्हता. 'खोकी बांधतोय' असं तो जावयाला सांगायचा. पण पगार वेळेवर होता, आणि सत्तावन्नाव्या वर्षी नवीन गावात कुणी कामावर घेतलं हेच पुष्कळ होतं.

"पारँ, घरी या," लायनेल फोनवर म्हणाला. "सेंट ऑरेलिया चर्चचं काम मला मिळालंय. छत, कॉर्निस, सगळं. तुमच्या आजोबांचं छत आहे ते. तुम्ही नाही तर कोण करणार?"

बाप्तिस्म्याच्या वेळी जो पोराला हातात धरतो आणि त्याची जबाबदारी घेतो, त्याला न्यू ऑर्लीन्सच्या आमच्या सातव्या वॉर्डात पारँ म्हणतात. लायनेल हा न्यूमाच्या चुलत बहिणीचा, व्हर्लीचा, मुलगा. बाप लवकर गेला. न्यूमाने त्याला सोळाव्या वर्षी हाताशी घेतलं, चुना भिजवायला शिकवलं, करणी धरायला शिकवलं, युनियनचं कार्ड मिळवून दिलं. पण लायनेलचा जीव परांचीवर रमेना. तीन-चार वर्षांतच तो खाली उतरला आणि लोकांना परांचीवर चढवायच्या धंद्याला लागला. धंदा त्याला चांगला जमला.

"किती दिवसांचं काम?" न्यूमाने विचारलं.

"हे एक वर्षभराचं. त्याच्यापुढे अख्खं गाव पडलंय. वीस वर्षं तरी हात रिकामा राहायचा नाही."

ओदिल शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तिथे आपल्याला घर कुठाय? दाराच्या चौकटीपर्यंत पाणी होतं."

"सरकार ट्रेलर देतंय अंगणात ठेवायला."

"आणि इथली नोकरी?"

"खोकी बांधायला काय, कुणीही मिळेल त्यांना."

जानेवारीत दोघं परत आली. मोडक्या घरासमोर पांढरा ट्रेलर उभा राहिला. त्यात पाठ टेकायला एक फळी आणि वळायला वीतभर जागा. ओदिलने पहिल्या सोमवारी, गावच्या सोमवारच्या रीतीप्रमाणे, त्यात लाल घेवडा आणि भात रांधला आणि म्हणाली, "चल, घरी आलो म्हणायचं."

सेंट ऑरेलियाच्या छताचा अर्धा भाग खाली येऊन बाकांवर पडला होता. उरलेल्या अर्ध्यावर न्यूमाच्या आजोबांच्या हातची कॉर्निस अजून होती. भिंत आणि छत मिळतात तिथून फिरलेली द्राक्षवेलीच्या नक्षीची रुंद पट्टी. न्यूमाने तुटक्या तुकड्यांवरून मापं घेतली, पत्र्याचा साचा कापला, आठवडाभर कानसला, आणि लायनेलला म्हणाला, "मला चार गवंडी दे. आपल्यातले कोण कोण परत आलेत?"

"परत कुणी आलेलं नाही, पारँ. आलेत ते स्वतःच्या घरात चिखल उपसतायत. मी माणसं दिली आहेत. चांगली आहेत. फक्त शिकवावं लागेल."

ती चार माणसं होंडुरासची होती. पुरानंतर गावात अशी हजारो आली होती. छपरं, चिखल, बुरशी, सगळं तीच निस्तरत होती. त्यांच्यापाशी देशात राहायचे कागद नव्हते आणि त्या दिवसांत कागद कुणी विचारतही नव्हतं. सरकारनेच काही काळ कामगारांच्या मजुरीचे आणि कागदांचे नियम बाजूला ठेवले होते. चौघांतला सेल्विन नावाचा एक तिशीचा माणूस मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघायचे.

न्यूमाला शिकवायला आवडायचं, हे त्याचं जुनं दुखणं. ओल्या प्लास्टरवरून साचा कसा एका वेगाने ओढायचा, कुठे थांबायचं नाही, पाणी किती, चुना किती, हात केव्हा हलका करायचा, सगळं त्याने त्यांना दाखवलं. सेल्विनचा हात बघून तो ओदिलला म्हणालासुद्धा, "त्याला देवाने गवंडी म्हणूनच जन्माला घातलाय. लायनेलला तीन वर्षांत जे आलं नाही ते ह्याला तीन आठवड्यांत आलं."

"मग सगळं नको शिकवूस," ओदिल बटाटे सोलत म्हणाली.

त्याने सगळं शिकवलं नव्हतं. साचा सरळ भिंतीवर पळतो. कोपऱ्यात तो शिरत नाही. दोन्ही बाजूंनी आलेल्या पट्ट्यांमध्ये हातभर जागा उरते आणि ती नुसत्या हाताने, एका लहान धारदार पट्टीने भरावी लागते. वेल तिथे वळते, पानावर पान चढतं. ते काम न्यूमाला स्वतःला यायला सहा वर्षं लागली होती. सेल्विनने दोनदा विचारलं, "मिस्टर न्यूमा, इथे कसं?" न्यूमाने दोन्ही वेळा सांगितलं, "ते शेवटी. ते मी करीन."

असं तो का म्हणाला हे त्याने स्वतःलाही कधी नीट विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, कार्निव्हलची मिरवणूक होऊन गेल्यावर, लायनेलने त्याला गाडीत बसवलं. गाडीतच बोलला, समोरच्या काचेकडे बघत.

"पारँ, विम्याचे पैसे ठरलेले आहेत. तुम्हाला मी तासाला चोवीस डॉलर देतोय. ती चौघं दहावर काम करतात. मला हिशेब बसत नाही."

"चोवीस हा युनियनचा दर आहे. पुराच्या आधी तूच देत होतास."

"पुराच्या आधी सगळे देत होते. आता बाकीचे ठेकेदार आठवर माणसं लावून बोली लावतात. मी चोवीस धरले तर पुढचं एक काम मला मिळणार नाही. तुम्ही बारा डॉलरवर येत असाल तर बघा. मी त्यांच्यापेक्षा जास्तच देतोय तुम्हाला."

न्यूमा म्हणाला, "त्यांना शिकवायला बोलावलंस तू मला."

"तसं नाही हो, पारँ."

"मग कसं?"

गाडी मात्र लायनेलने ट्रेलरच्या दारापर्यंत आणून सोडली. तेवढी रीत त्याने पाळली.

दुसऱ्या दिवसापासून न्यूमा काम शोधायला लागला. तीन ठिकाणी जाऊन आला. एका ठिकाणी मुकादमाने विचारलं, स्पॅनिश येतं का. दुसऱ्या ठिकाणी दहा डॉलर, तेही रोख, कागदावर काही नाही. युनियनच्या हॉलला कुलूप होतं. दारावर पाण्याची रेघ अजून तशीच. ह्यूस्टनच्या कंपनीला फोन केला तर त्याच्या जागी दोन माणसं केव्हाच लागली होती.

मग एके सकाळी तो मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपापाशी जाऊन उभा राहिला. तिथे रोज शंभर-दीडशे माणसं मजुरीसाठी जमायची. सगळी होंडुरास, मेक्सिको, ग्वातेमालाची. काळा तो एकटाच, आणि वयानेही सगळ्यांत मोठा. हातात बापाची करणी होती. एक गोरा ठेकेदार ट्रक घेऊन आला, पाच बोटं दाखवली. न्यूमा पुढे झाला.

"मी गिलावा करतो. चाळीस वर्षं."

ठेकेदाराने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी सरळ म्हणाला, "काम तुला येत असेल रे बाबा. पण तुला कायदाही येतो. जास्तीचे तास भरलेस की जास्तीचा दर मागशील. पडलास की वकील आणशील. मला तसली माणसं नकोत."

आणि पाचजण ट्रकमध्ये चढले. कुणाचीच त्याच्याकडे बघायची छाती झाली नाही.

हे त्याने ओदिलला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्यांना कायदा लागत नाही म्हणून ते हवे, आणि तुला लागतो म्हणून तू नको. बरं झालं. आता तरी कळलं, राग कुणाचा करायचा."

"सगळ्यांचाच येतोय," न्यूमा म्हणाला.

मार्चमध्ये व्हर्लीने एक घडीपत्रक आणून दाखवलं. चर्चने देणग्यांसाठी छापलं होतं. आपल्या मुलाचं नाव छापून आलंय म्हणून ती कौतुकाने घेऊन आली होती. लायनेलच्या कंपनीच्या नावाखाली लिहिलं होतं: 'मुख्य कारागीर: न्यूमा देलेरी, देलेरी घराण्याची चौथी पिढी.' शेजारी त्याचा फोटो. लग्नातला होता, लायनेलच्याच.

न्यूमा पत्रक घेऊन फादर टिमन्सकडे गेला. ह्याच चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता, लग्न झालं होतं, आईबापांच्या शवपेट्या इथूनच निघाल्या होत्या. फादर इथे यायच्या कितीतरी आधीपासून तो इथे होता.

"तुम्ही देखरेख करताय असं मी समजत होतो," फादर म्हणाले.

"मला काढून महिना झाला, फादर. नाव माझं, आणि काम दहा डॉलरच्या माणसांचं."

फादरनी चष्मा काढून पुसला. "काम वाईट आहे का?"

प्रश्न इतका सरळ होता की न्यूमाला खोटं बोलता आलं नाही. "सरळ भिंतींचं चांगलं आहे. मीच शिकवलंय."

"मग मला सांगा मी काय करू. माझी अर्धी माणसं अजून अटलांटा आणि ह्यूस्टनला आहेत. ईस्टरला दारं उघडली नाहीत तर वरचे बिशपचे लोक ह्याला कायमचं कुलूप लावतील. चर्चच राहणार नाही. आता ठेकेदार बदलणं मला परवडत नाही, न्यूमा. लायनेलशी मी बोलेन."

ते बोलले असतील. पण पत्रकं पुढच्या रविवारीही दारात वाटली गेली, त्याच फोटोसकट.

ईस्टरला दहा दिवस उरले असताना लायनेल ट्रेलरपाशी आला. हातात गरम खेकड्यांची पिशवी. ओदिलने पिशवी घेतली आणि तशीच पायरीवर ठेवली.

"पारँ, कोपरे राहिलेत. बारा कोपरे. सेल्विनने चार वेळा केले, चार वेळा पाडले. मला येत नाही हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"चार दिवस या. चोवीस देतो. तीस देतो."

"आणि पाचव्या दिवशी?"

लायनेल पायरीवर बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. झोप नसेल, किंवा आणखी काही असेल. "मी काय वेगळं केलं, सांगा ना. सगळा गाव हेच करतोय. मी नसतं केलं तर एखाद्या टेक्सासवाल्याने केलं असतं, आणि त्याने तुम्हाला एक दिवससुद्धा बोलावलं नसतं."

"टेक्सासवाल्याच्या बाप्तिस्म्याला मी उभा नव्हतो," न्यूमा म्हणाला. "त्याने माझं काही तोडलं नसतं."

"तुमच्या आजोबांचं छत आहे."

"आजोबांना मध्ये आणू नकोस. मला आणायचं होतं तेव्हा ते तुला आठवले, आणि दर ठरवताना विसरलास."

लायनेल उठून गेला. न्यूमा ट्रेलरमध्ये जाऊन पडला तो जेवायलाही उठला नाही. आपण जिंकलो असं त्याला थोडंसं वाटलं. बारा कोपऱ्यांवाचून ते छत पुरं होणार नाही, आणि ते करणारा गावात तो एकच आहे. झक मारत येतील. फादर स्वतः येतील.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी ओदिलने दरवर्षीसारखं नऊ पालेभाज्यांचं दाट कालवण, गंबो, केलं, एवढ्याशा शेगडीवर, तीन भांड्यांत. शनिवारपर्यंत कुणी आलं नाही. रविवारी दोघं कपडे करून चर्चमध्ये गेली.

चर्च भरलं होतं. कितीजण डॅलसहून, मेम्फिसहून गाड्या चालवत आले होते, एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. न्यूमाने वर पाहिलं. बाराही कोपरे भरलेले होते.

एका कोपऱ्याखाली जाऊन तो मान वर करून उभा राहिला. कारखान्यात ओतलेले, फेसासारख्या हलक्या मालाचे तयार तुकडे होते ते; कुठल्या तरी यादीतून मागवून डिंकाने चिकटवलेले. वेल तिथे वळत नव्हती. तिथे एक गुलाबाचं फूल होतं, बाराही ठिकाणी तेच एक. त्याच्या शेजारून जाणारी म्हातारी मिसेस बॅप्टिस्ट म्हणाली, "किती सुंदर केलंस रे, न्यूमा. अगदी तुझ्या आजोबांसारखं," आणि त्याचा हात दाबला.

ओदिलने त्याची बाही धरून त्याला बाकावर बसवलं. लायनेलने दगा दिला तेव्हा त्याला राग आला होता, फादरनी दिला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता जे वाटलं त्याला नाव नव्हतं. ज्याच्यावर त्याने चाळीस वर्षं काढली होती त्याची कुणाला गरजच नव्हती, आणि फरक कुणाला दिसतही नव्हता.

मे महिन्यात एका दुपारी सेल्विन ट्रेलरपाशी आला. बरोबर एक तरुण वकिलीण होती, कुठल्याशा फुकट मदत करणाऱ्या संस्थेची. सेल्विन वाळला होता. ओदिलने दोघांना आत घेतलं, थंड चहा दिला.

हकीकत अशी होती. ईस्टर झाल्यावर चौघांना लायनेलने शेवटच्या सहा आठवड्यांची मजुरी दिलीच नव्हती. आज देतो, उद्या देतो. मग एका सकाळी ते राहत होते त्या मोटेलवर परदेशी लोकांना धरणाऱ्या खात्याची गाडी आली. दोघांना उचलून नेलं. सेल्विन आणि चौथा त्या वेळी दुकानात गेले होते म्हणून सुटले. गाडी कुणी बोलावली हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सेल्विनने कुणाचं नावही घेतलं नाही.

"ही चौघं त्या चर्चमध्ये कामाला नव्हतीच, असं कंपनी म्हणते," वकिलीण म्हणाली. "कागदावर फक्त तुमचं नाव आहे, मिस्टर देलेरी. तुम्ही लिहून दिलंत तर..."

न्यूमा सेल्विनकडे बघून म्हणाला, "माझं काम गेलं ते तुम्ही दहावर आलात म्हणून."

सेल्विनला कळलं. "हो," तो म्हणाला. "घरी, ओलांचोला, दिवसाला पाच. इथे तासाला दहा. तुम्ही असता तर काय केलं असतं, मिस्टर न्यूमा?"

"मला नाही माहीत."

"कोपरे तुम्ही शिकवले नाहीत."

"शिकवले असते तर तू माझी जागा घेतली असतीस."

"जागा तर मी आधीच घेतली होती," सेल्विन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "कोपरे तेवढे मला आले असते."

ओदिल बशी पुसत होती, ती आधीच कोरडी होती. मग ती नवऱ्याला म्हणाली, "लायनेल तुझ्या चुलत बहिणीचा मुलगा आहे. सही केलीस तर व्हर्ली पुन्हा ह्या दारात येणार नाही. हे समजून काय करायचं ते कर."

न्यूमाने वकिलिणीच्या हातातून तिने लिहून आणलेला साक्षीचा कागद घेतला. वाचला. त्याच्या नावापुढे जिथे 'मुख्य कारागीर' असं होतं ते खोडून त्याने लिहिलं, 'मी सहा आठवडे होतो. त्यानंतरचं सरळ काम ह्या चौघांनी केलं. कोपरे कुणीच केले नाहीत.' आणि खाली सही केली.

"हे मी तुझ्यासाठी करत नाही," तो सेल्विनला म्हणाला. "तू मला अजूनही नको आहेस इथे. पण जे झालं ते झालं नाही असं मला म्हणता येत नाही."

सेल्विनने मान हलवली. त्याचा हात पुढे आला होता. न्यूमाने तो घेतला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस ते त्याला बोचत राहिलं.

वर्षभराने तडजोड झाली. सेल्विनला आणि दुसऱ्या एकाला निम्मी रक्कम मिळाली. उरलेले दोघं केव्हाच होंडुरासला परत पाठवले गेले होते. त्यांचा पत्ता वकिलिणीलाही लागला नाही. लायनेलने कंपनी बंद केली आणि सहा महिन्यांनी बायकोच्या नावाने दुसरी उघडली. तिची पाटी आजही गावात जागोजाग दिसते.

व्हर्ली खरोखरच पुन्हा आली नाही. एवढंच नाही, युनियनचे जुने सोबती, जे हळूहळू परतले आणि त्याच्यासारखेच हात चोळत बसले, त्यांतल्या दोघातिघांनी न्यूमाशी बोलणं सोडलं. "ज्यांनी आमच्या ताटातलं घेतलं त्यांच्या बाजूने तू सही केलीस," त्यांच्यातला क्लोव्हिस त्याला न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला. न्यूमाने समजावून सांगायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर सोडून दिला. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, असं त्याला वाटलं.

पुढे त्याला एका शाळेत देखभालीचं काम मिळालं. गळके नळ, अडकलेली कुलपं, रंगाचे पोपडे. तासाला तेरा डॉलर, आणि आजारपणाची रजा. घराच्या भिंती त्याने स्वतःच, सुट्टीच्या दिवशी, चुना घालून लिंपल्या. ओदिलने तयार फळ्या सुचवल्या होत्या, ते त्याने ऐकलं नाही. दोन वर्षं लागली. ट्रेलर गेला त्या दिवशी ओदिल स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीवरून तळहात फिरवत राहिली.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली.

"असणारच," न्यूमा म्हणाला, आणि बूट काढून जेवायला बसला.